सिक्कीमचे सेंद्रिय गणित

२००३ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री पवनकुमार चामलिंग यांनी विधानसभेत संपूर्ण सेंद्रिय राज्याचा संकल्प सोडला. जानेवारी २०१६ मध्ये सिक्कीम तसे जाहीर झाले. सेंद्रिय शेतीचे क्षेत्र सुमारे ७५ हजार हेक्टर. या डोंगरउतारांवर रासायनिक खत मुळातच फार कमी पडत होते, त्यामुळे वाट सोपी होती. कौतुकाच्या भरात हे विसरले जाते. तरी सरकार नुसता उपदेश करून थांबले नाही. खतांवरचे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद केले, गांडूळखताला प्रोत्साहन दिले, प्रमाणीकरणाचा भार उचलला आणि २०१४ च्या कायद्याने रासायनिक खते-कीटकनाशकांना दार बंद केले. २०१८ मध्ये या धोरणाला ‘फ्युचर पॉलिसी’ सुवर्ण पुरस्कार मिळाला.

या शेतीत शेतकऱ्याला हात देतात ती पिके मुख्यतः मोठी वेलची, आले आणि हळद. वेलची-हळद वाळवली की टिकते, घाटरस्त्याने दूरच्या बाजारापर्यंत जाते. भाजीचे तसे नाही. तांदूळ आणि बराच भाजीपाला राज्याला सिलिगुडीकडूनच आणावा लागतो. २०१८ मध्ये बाहेरच्या काही बिगरसेंद्रिय भाज्यांवर बंदी घातली गेली, तेव्हा टंचाई आणि चढे भाव ही ओरड गंगटोकच्या मंडईतूनच उठली.