काचेतले आकाश

वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमधील एका खिडकीत चंद्राचा दगड बसविलेला आहे. अपोलो ११ ने १९६९ साली आणलेला, सुमारे ७ ग्रॅमांचा. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स यांनी तो २१ जुलै १९७४ रोजी तेथे दिला. खिडकीचे चित्र रॉडनी विनफील्ड यांचे. लोक दगड पाहतात. आम्ही कामगार माणसे, आमचे लक्ष काचेकडे.

काचेचा हा रंग वरून फासलेला नसतो, अंगचाच असतो. वितळत्या काचेत थोडे कोबाल्ट पडले की रात्रीचे निळे आकाश तयार! कारागीर चित्राबरहुकूम कागदी नमुने कापतो, पण दोन तुकड्यांमध्ये शिशाच्या पट्टीपुरती फट राखून. ती केसभर चुकत गेली, तर शेवटी ग्रहाची कक्षा जुळत नाही. मग दुहेरी खाचेच्या पट्टीत काचा बसवून सांधे डाखाने जोडायचे. शिशाची काळी रेघ उजेड अडविते, म्हणून शेजारचा निळा अधिक खोल दिसतो. पण तेच शिसे हाताला लागते आणि घासाबरोबर पोटात जाते. तेव्हा हात धुतल्यावाचून भाकरीला शिवू नये. आणि धुण्याचे पाणी व डाखाचा धूर ओढणारा पंखा मालकाने द्यावा, मागावा लागू नये.