यमूचं दुःख कळतं, पण सेलेस्तीनचं?

मैत्रिणींनो, आठ मार्चला आपल्याकडे महिला दिनाचे कार्यक्रम होतात. भाषणं, पाककृती स्पर्धा, एखादीचा सत्कार! पण याच तारखेला, १८६४ साली, खानदेशातल्या पारोळ्याला एका लेखकाचा जन्म झाला, हे किती जणींना ठाऊक आहे? हरि नारायण आपटे, म्हणजे आपले हरिभाऊ. तेव्हा महिला दिन नव्हता, हा निव्वळ योगायोग. पण मोठा गोड योगायोग!

बी.ए.ला असताना ‘पण लक्षात कोण घेतो?’ मी परीक्षेपुरती वाचली होती. गेल्या वर्षी आमच्या मुलुंडच्या महिला मंडळात आम्ही तिचं सामुदायिक वाचन केलं. दर गुरुवारी दुपारी, कुकर-धुणीभांडी आवरून. तेव्हा ती खरी कळली.

हरिभाऊंची आई ते लहान असतानाच गेली. पुण्यात मोठ्या एकत्र कुटुंबात ते वाढले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकरांसारखे गुरू लाभले. गणिताने मात्र दगा दिला आणि पदवी राहूनच गेली. पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ची. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं. म्हणजे हा माणूस कादंबरीकार आणि पत्रकार, दोन्ही! १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं आणि ३ मार्च १९१९ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

‘करमणूक’ हे नावच बघा ना. राजकारणाचं नाही, सुधारणेचं नाही! नाव साधं ठेवलं आणि घराघरात शिरले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ याच अंकांतून १८९० ते १८९३ दरम्यान क्रमशः आली. तो काळही कसा, तर तापलेला. मुलींचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं की नाही, यावर रणं माजली होती आणि १८९१ला तो कायदा झाला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या केशवपनाला नकार दिला, तोही याच सुमारास, १८९०ला. सभांमधून पुरुष बाईबद्दल बोलत होते. हरिभाऊंनी बाईलाच बोलायला लावलं.

यमू आपली हकीगत स्वतः सांगते. बालपण, तापट वडील, सोशिक आई, मग लग्न आणि सासर. पुढे नवऱ्याबरोबर मुंबईचं बिऱ्हाड! तिथे तिला श्वास घेता येतो. वाचन, चार चांगल्या माणसांचा सहवास, नवऱ्याशी मोकळं बोलणं... आणि ऐन सुखात नवरा जातो. मग शंकरमामंजींसारख्यांच्या हाती सापडून तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. तो भाग वाचताना आमच्यातली एकही बोलेना. ऐंशीच्या घरातल्या एक आजी तेवढ्या म्हणाल्या, “माझी आत्या अशीच होती गं. लाल आलवणातली. आम्ही मुलं तिच्याशी खेळायचो, पण तिला काय वाटत असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.”

कादंबरीच्या नावातला प्रश्न हाच. दुःख लपलेलं नव्हतंच, माजघरात रोज समोर होतं. लक्षात कोण घेतो?

गंमत म्हणजे त्याच सुमारास तिकडे पॅरिसमध्येही असंच काही चाललं होतं. ऑक्ताव्ह मिरबो (१८४८-१९१७) हाही कादंबरीकार आणि पत्रकार. १८९१-९२मध्ये त्याने एका दैनिकातून ‘एका मोलकरणीची रोजनिशी’ क्रमशः लिहिली, १९००मध्ये तिचं पुस्तक झालं. इथेही पुरुषाची लेखणी आणि बाईचा आवाज! सेलेस्तीन नावाची मोलकरीण घरोघर काम करते आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या श्रीमंतांच्या घरांत काय काय चालतं, ते फटकळपणे सांगते. हरिभाऊंच्या सात्त्विक लिखाणाशी तिचा सूर मुळीच जुळत नाही. पण शेवट विलक्षण आहे. लग्न होऊन सेलेस्तीन स्वतः मालकीण होते आणि आपल्या मोलकरणींवर डाफरायला लागते!

ही गोष्ट मी मंडळात सांगितली तेव्हा आधी सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. यमूसाठी आपण सहज रडतो, कारण तिच्या जागी आपण स्वतःला बघतो. सेलेस्तीनच्या गोष्टीत मात्र आपण मालकिणीच्या जागी असतो! यमूच्या सासरीही तिला बोल लावणाऱ्या बायकाच होत्या की. त्याही कधी सुना होत्या.

घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर मी काम करते. त्यांच्यासाठी आपल्या राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण त्यांच्या तक्रारी साध्या असतात. “ताई, सुट्टी मागितली की चेहरे बदलतात.” “चहाचा कप वेगळा ठेवतात.” हे कायद्याने कसं सुटणार?

आणि विधवांचं म्हणाल, तर केशवपन गेलं, पण हळदीकुंकवाचं बोलावणं अजून अडतंच. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग सरकारनेही इतर गावांना तसं आवाहन केलं. एवढंसं गाव, पण लक्षात घेतलं! मुंबईच्या उपनगरातल्या आपल्या सोसायट्यांना मात्र असा ठराव सुचत नाही.

आम्ही यंदाच्या संक्रांतीला ठरवून सगळ्यांना बोलावलं, त्या आजींना आणि मंडळातल्या कामवाल्या मावशींनाही. दोघी-तिघींनी येण्याचं टाळलं. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. वाचनाच्या गुरुवारी आता मावशीही येऊन बसतात. त्यांना अक्षरं लावायला वेळ लागतो, पण पुढे काय झालं हे त्याच आधी विचारतात.

तुमच्या वाचनालयात ‘पण लक्षात कोण घेतो?’ नक्की असेल. एकटीने वाचू नका. मोठ्याने वाचा, आणि वाचताना घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून घ्या.