छपराखालचें मैदान

आषाढ लागला कीं धारणीच्या परिसरांतलें मैदान नाहींसें होतें. मेळघाटाचा पाऊस संततधार; कबड्डीच्या अंगणांत चिखल होतो, चढाईस निघालेला गडी मध्यरेषा ओलांडण्यापूर्वींच घसरतो, आणि पोळ्यापर्यंत, कधीं दसऱ्यापर्यंतहि, खेळ बंद पडतो. अंगांत चपळाई मुरण्याच्या वयांत वर्षाचा मोठा हिस्सा असा ओसरीवर बसून जावा, ही हानि लहान नव्हे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिनला जाऊन हुतूतू जगाला दाखविला. त्याच जिल्ह्याच्या या टोंकाची ही स्थिति आहे.

यावर उपाय छपराचा, आणि तो इतरत्र झालेला आहे. २६ जुलै २०१४ रोजीं, मुंबईचा पाऊस ऐन भरांत असतांना, प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागृहांत सुरू झाला. १९५७ सालच्या या घुमटाकार वास्तूंत हजारों प्रेक्षक कोरडे बसून मातींतला खेळ मॅटवर पाहात होते.

कबड्डीचें अंगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. एवढ्यापुरतें छप्पर गांवचा सुतारहि चढवील. परंतु त्याच जागीं बास्केटबॉल खेळावयाचा तर २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद भूमि हवी, भोंवतीं प्रेक्षकांच्या पायऱ्या हव्या, आणि मध्यें एकहि खांब चालत नाहीं. मग सारें ओझें कडेला न्यावें लागतें. त्यासाठीं पोलादी कैच्या, कमानी किंवा घुमट. घुमटाचें ओझें नुसतें खालीं येत नाहीं, तें पायथ्याला बाहेरहि रेटतें. म्हणून बैलगाडीच्या चाकाला धांव बसवावी तसें तेथें मजबूत कडें घालतात.

येथवर हिशेब सरळ आहे. खरी अडचण आवाजाची. विजापूरचा गोलघुमट ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ती सांगावयास नको. सुमारें ३८ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखालीं एक टाळी पुनःपुन्हां ऐकूं येते. गंमत म्हणून तें गोड. पण तेथें कोणी गाऊं लागला तर एक स्वर विरण्यापूर्वीं दुसरा त्यावर आदळून नुसता कालवा होईल. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहाची अशीच दशा होती. उच्चारलेला शब्द साडेपांच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकानें १८९५ पासून शेजारच्या नाट्यगृहांतल्या गाद्या आणून मांडल्या, आणि किती गाद्यांनीं घुमणें किती ओसरतें हें रात्रीं बसून मोजलें. त्यांतून नियम निघाला: जागेचें घनफळ मोठें तितका आवाज रेंगाळतो, मऊ व सच्छिद्र पृष्ठभाग अधिक तितका तो लवकर विरतो. माणसांचे कपडेहि आवाज शोषतात. म्हणून रिकाम्या सभागृहांत घेतलेली परीक्षा भरलेल्या सभागृहाला लागू पडत नाहीं. लंडनचें रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ सालीं उघडलें, आणि त्याच्या घुमटाचा प्रतिध्वनि आवरण्यासाठीं १९६९ मध्यें छतापासून तबकड्या टांगाव्या लागल्या. चूक निस्तरण्यास शतक लागलें म्हणा ना!

धारणीसारख्या ठिकाणीं घुमटाचा हव्यास नको. लोखंडी कैच्या आणि पत्रा पुरे. पण उघड्या पत्र्यावर मेळघाटाची सर कोसळली कीं पंचाची शिटीहि ऐकूं येणार नाहीं. पत्र्याखालीं शोषक थर घातलाच पाहिजे. कोरकूंचा ढोल-बांसरीचा नाच असेल त्या रात्रीं तोच थर घुमणेंहि आवरील. भिंतींना खालीं मोठ्या जाळ्या व माथ्यावर झरोके ठेवले म्हणजे उन्हाळ्यांतली तापलेली हवा वरून निघून जाते. बॅडमिंटनच्या वेळीं मात्र जाळ्यांवर पडदे ओढावयाचे, नाहीं तर फूल वाऱ्याबरोबर भरकटतें. बाहेर उघडणारीं रुंद दारें निदान दोन अंगांना हवींत. वरळीचें क्रीडागृह २०२० सालीं करोनाच्या साथींत रुग्णांच्या खाटांनीं भरलें होतें. मेळघाटांतल्या अशा छपराखालींहि साथीच्या दिवसांत खाटा मांडाव्या लागतील, तेव्हां नळ आणि शौचकूप आरंभींच्या नकाशांतच दाखविलेले बरे.