रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस

रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश नौदलाची एक शाखा होती. सागरी सुरुंग काढणे, पाणबुड्यांवर पाळत ठेवणे व व्यापारी जहाजांच्या ताफ्यांना संरक्षण देणे ही तिची प्रमुख कामे होती.

प्रशासन

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट येथील 'स्पॅरोज नेस्ट' हे सार्वजनिक उद्यान नौदलाने १९३९ मध्ये ताब्यात घेतले व तेथे शाखेचे मुख्यालय स्थापन केले. त्याला पुढे एच.एम.एस. युरोपा हे नाव मिळाले. खलाशांची भरती व जहाजांवरील नेमणुका येथून होत. सुरुंग काढण्यासाठी मासेमारीचे ट्रॉलर व ड्रिफ्टर घेण्यात आले. त्यांवरील अनेक खलाशी मूळचे मच्छीमार होते. जड जाळी ओढण्याचा त्यांचा अनुभव या कामी उपयोगी पडला.

कार्यपद्धती

तळाशी नांगरलेल्या सुरुंगाचा दोर नौकेमागे ओढलेल्या पोलादी तारेने कापला जाई. वर आलेला सुरुंग गोळ्या झाडून नष्ट करीत. जर्मनीच्या चुंबकीय सुरुंगांपुढे ही पद्धत निरुपयोगी ठरली. कारण ते समुद्रतळावर पडून राहत आणि वरून जाणाऱ्या पोलादी जहाजाच्या चुंबकीय प्रभावाने फुटत. शूबरीनेस येथील चिखलात सापडलेला असा सुरुंग २३ नोव्हेंबर १९३९ रोजी लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्ह्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी निकामी केला. त्याची रचना कळल्यानंतर, वीजप्रवाह सोडलेल्या तारा नौकांमागे ओढून असे सुरुंग दूर अंतरावर फोडण्याची पद्धत विकसित झाली.

स्मारक

लोस्टॉफ्टच्या बेल व्ह्यू उद्यानातील स्मारकावर या शाखेतील सुमारे २,४०० जणांची नावे आहेत. समुद्राखेरीज त्यांची दुसरी समाधी नाही.