पावसाचा ताळेबंद फळ्यावर

'यंदा ३०० मिलिमीटर पाऊस झाला' या वाक्यात माहिती आहे. पण गहू पेरायचा की हरभरा, हे शेतकऱ्याला त्यातून कळत नाही. माहितीवरून निर्णय घेता यायला हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हे साधलं.

गणित सोपं आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हिवरे बाजारचं क्षेत्र साधारण ९७६ हेक्टर. म्हणजे तिथे पडणारा प्रत्येक मिलिमीटर जवळपास एक कोटी लिटर पाणी आणतो! त्यातलं काही वाहून जातं, काही वाफ होऊन उडतं, काही जमिनीत मुरतं. गावकरी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजतात आणि हा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवतात. पाण्यावर पहिला हक्क माणसांचा आणि जनावरांचा, उरलेलं शेतीला. पाऊस कमी झाला, की जास्त पाणी पिणाऱ्या रब्बी पिकांना कात्री लागते. शेतीसाठी बोअर घ्यायला तर बंदीच आहे.

अशी बंधनं वरून लादली असती, तर वाद झाले असते. इथे आकडे सगळ्यांसमोर असतात, ते कुणालाही तपासता येतात, म्हणून निर्णय आपला वाटतो. भूजल डोळ्यांना दिसत नाही. ते आकड्यांतूनच दाखवावं लागतं. पर्जन्यमापक आणि फळा कुठल्याही ग्रामपंचायतीला परवडतो. तुमच्या गावात हा ताळेबंद मांडला जात नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत तो जरूर मागा.