प्रिंटर समोर, पण संगणकाला सापडेना

इंटरनेट सुरळीत चालू असते, तरीही त्याच खोलीतला प्रिंटर संगणकाला सापडत नाही. यात विसंगती नाही. इंटरनेटकडे निघालेले पॅकेट संगणक राउटरच्या हवाली करून मोकळा होतो. स्थानिक नेटवर्कवरचे यंत्र मात्र त्याला स्वतः गाठावे लागते.

त्यासाठी तो आधी आयपी पत्ते ताडून पाहतो. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.५० असेल, तर पहिले तीन आकडे जुळतात, म्हणून प्रिंटर आपल्याच नेटवर्कातला ठरतो. तिसऱ्या जागी ० आला की तो परका. एका राउटरला दुसरा राउटर जोडलेल्या घरांत हा घोळ नेहमीचा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. त्याने आपल्या मनाने एक घेतला आहे.

पत्ते जुळल्यावर १९८२ साली मांडलेली एआरपी ही पद्धत कामाला लागते. '१९२.१६८.१.५० कोण?' अशी हाक संगणक साऱ्या नेटवर्कवर देतो. ज्याचा पत्ता, तो आपला ४८ बिटांचा मॅक क्रमांक कळवतो, आणि मगच पॅकेट रवाना होते.

बिघाड नेमका कुठे, हे पिंग सांगते. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम अजून तितकाच उपयोगी आहे. फक्त त्याचे उत्तर नीट वाचायला हवे. विंडोजवर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' हा संदेश संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आला, तर हाकेला कोणी ओ दिलेली नाही. यंत्र बंद असेल, केबल निघाली असेल, किंवा दोघांपैकी एक पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल. तिथे राउटर यंत्रांना मुद्दामच एकमेकांपासून तोडून ठेवतो. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आले, तर एआरपीचा तक्ता उघडावा. त्यात समोरच्याचा मॅक क्रमांक असेल, तर यंत्र बहुधा जागे आहे आणि फायरवॉल उत्तर अडवते आहे. नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदले गेले की विंडोजची फायरवॉल दुसऱ्या संगणकाच्या पिंगलाही दाद देत नाही.

या कशाचाही पत्ता न लावता ड्रायव्हर पुन्हा टाकणे म्हणजे बहुतेक वेळा वाया गेलेली दुपार. राउटर बंद-चालू करण्याने काम होतेही, पण कारण झाकले जाते. अनेकदा ते साधे असते: राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला आणि संगणकावरच्या प्रिंटर पोर्टच्या सेटिंगमध्ये जुनाच राहिला. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक क्रमांकासाठी एक पत्ता राखून ठेवला आणि तोच पोर्टमध्ये लिहिला, की हा प्रश्न मिटतो.