बायपासनंतर फुप्फुसं का बिघडतात?

"ऑपरेशन हृदयाचं, मग फुप्फुसाला काय झालं?" आयसीयूबाहेर हा प्रश्न येतो आणि पाठोपाठ निष्कर्षही: डॉक्टरांकडून काहीतरी चुकलं. बहुतेक वेळा तसं नसतं. हृदय थांबवून बायपास करताना रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरतं. त्या काळात फुप्फुसं मिटलेली असतात. शिवाय मशीनच्या नळ्यांशी संपर्क आल्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी चवताळतात आणि फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावर बायपास केली तरी धोका पुरता टळत नाही; भूल, छातीवरची जखम, चढवलेलं रक्त ही कारणं उरतातच.

एक्स-रेत पांढरं दिसलं म्हणजे न्यूमोनियाच, हाही गैरसमज. बरेचदा डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला असतो किंवा भोवती पाणी साचलेलं असतं. गंभीर असतो तो एआरडीएस, म्हणजे रक्तवाहिन्या पाझरून फुप्फुसातच पाणी भरणं. तो ओळखायला नुसता एक्स-रे पुरत नाही. पाणी हृदय कमजोर पडल्यामुळे साचलंय का, हे इको करून पाहतात आणि धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब मोजतात. 60 टक्के ऑक्सिजन देऊनही तो दाब 90 च भरला, तर 90 भागिले 0.6 म्हणजे 150. हा आकडा 300 च्या वर हवा. 100 ते 200 म्हणजे मध्यम तीव्रतेचा एआरडीएस.

सगळ्यात घातक समज व्हेंटिलेटरबद्दलचा: "लावला म्हणजे संपलं." खरं तर फुप्फुस सावरेपर्यंतचा तो आधार आहे. मात्र तो जपून चालवावा लागतो. श्वास किती द्यायचा हे उंचीवरून ठरतं. 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं वजन 85 किलो असलं, तरी हिशेब साधारण 61 किलोचाच. किलोमागे 6 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 370 मिलिलिटर. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशा छोट्या श्वासांमुळे एआरडीएसच्या रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31 वर आलं. "भारी इंजेक्शन बाहेरून आणतो," असं नातेवाईक कळवळून म्हणतात. पण पाझरणारं फुप्फुस हमखास बरं करणारं इंजेक्शन अजून नाही.

घरच्यांच्या हातात मात्र बरंच आहे. ऑपरेशन ठरताच बिडी-सिगारेट बंद करा. नंतर छातीशी उशी धरून खोकायला लावा, दुखत असेल तर नर्सला सांगा. आणि श्वासाच्या व्यायामासाठी दिलेलं तीन गोळ्यांचं यंत्र फुंकायचं नसतं; श्वास आत ओढून गोळे वर न्यायचे असतात.